मधल्या भिंतीचा गिलावा

मानसिंगनं हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकायला सुरुवात केली तेव्हा जमनाबाई नाचणीची भाकरी तव्यावर टाकत होती. तिचा हात तसाच राहिला. आवाज चांगला नव्हता. भरीव भिंत ठोकली की हाताला लागते आणि आवाज तिथंच मरतो. ही भिंत रिकाम्या मडक्यासारखी वाजत होती. खाली पोकळ, मधे पोकळ, खिडकीशेजारी हातभर जागा भरीव, पुढं पुन्हा पोकळ. मग फाडकन आवाज झाला आणि खोलीतून धुरळ्याचा लोट स्वयंपाकघरात शिरला. भाकरीवर पांढरी पूड बसली.

"झाकून ठेव म्हणलो होतो की," मानसिंग आतून ओरडला.

"कधी म्हणला होता?"

"मनात म्हणलो होतो."

जमनाबाईनं भाकरी झटकली आणि उलटली. टाकून देण्याइतकी काही ती खराब झाली नव्हती.

बंगळुराबाहेर, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागं जुनं गाव थोडं उरलं आहे. पुढं हमरस्त्यावर ट्रकांची रीघ, बाजूला पत्र्याच्या शेड, आणि मधे कोंबड्या, एक सार्वजनिक नळ, चार मराठ्यांची आणि बाकी कानडी घरं. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून या घरांतली मराठी कानडीत भिजून गेली, पण चुलीपाशी बोलायची ती तीच. मानसिंगच्या बापानं इथं एक लांबलचक घर बांधलं होतं. भट्टीची वीट, जोडायला चिखल, वरून चुन्याचा गिलावा आणि छताला दगडी फरश्या. या बाजूची जुनी घरं अशीच. लांब दगडी फरशी या भिंतीवरून त्या भिंतीवर टाकायची आणि वर कोबा करायचा. बाप गेल्यावर दोघा भावांनी घर मधोमध वाटून घेतलं. मधली भिंत दोघांची. दोन्हीकडच्या फरश्या तिच्यावरच टेकलेल्या. भिंत वीतभरच जाड, पण तिनं दोन संसार डोक्यावर घेतले होते.

रस्ता मात्र प्रत्येक डांबरीकरणाला वर चढत गेला आणि घरं आपोआप खड्ड्यात गेली. पावसाचं पाणी पायात मुरलं आणि भिंतीनं वर चढलं. लोणा आला, विटांतला खार बाहेर फुटला, पोपडे सुटले. मागं एकदा मानसिंगनं घाईघाईत त्यावरच सिमेंटचा हात मारून दिला होता. दिसायला झकास झालं. पण सिमेंटनं ओल बाहेर पडू दिली नाही, आतच कोंडली. यंदा पाऊस जास्त दिवस टिकला आणि अख्खा गिलावा विटेपासून सुटून नुसता नावाला उभा राहिला. मानसिंग जन्माचा गवंडी. सर्जापूर रोडवरच्या कितीतरी बिल्डिंगांच्या भिंती त्याच्या हातच्या, हात फिरवला तर आरशावरून फिरवल्यागत वाटावं. आणि घरची भिंत ही अशी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

ही खोली रक्षिताची. लेक आता नवऱ्याबरोबर सर्जापूर रोडला फ्लॅटमध्ये राहत होती आणि तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, याच खोलीत, हे जमनाबाईनं लेकीच्या लग्नातच ठरवून टाकलं होतं. पण विहीणबाईंचा फोन आला. विहीणबाई पुण्याच्या. बोलणं गोड, ऐकणाऱ्याला साखर खाताना खडा लागल्यासारखं.

"तशी आमची काहीच हरकत नाही हो," त्या म्हणाल्या होत्या. "पण तुमच्याकडे भिंतींना डॅम्पनेस आहे ना? आणि रक्षिताला लहानपणी दमा होता म्हणे. लहान बाळ असणार. मला खोलीचे फोटो पाठवता का? भिंतींचे?"

फोन ठेवल्यावर जमनाबाईला रडू फुटलं. राग यायला हवा होता, पण बाई खोटं बोलत नव्हती. रक्षिता त्याच खोलीत खोकून खोकून रात्री काढायची. लेकीवरचा एवढाच हक्क उरला होता आणि तो एका ओल्या भिंतीपायी जाणार, याचं तिला फार वाईट वाटलं. तिनं मानसिंगला बोलून बोलून हैराण केलं. शेवटी त्यानं बाहेरची कामं बंद ठेवली आणि हातोडी घरात घेतली.

वरचा गिलावा पडायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो सांधे उकरायला. मानसिंगच्या बापाची एक रीत होती आणि दोन्ही मुलं त्याच रीतीत तयार झाली होती. विटांमधला सांधा तर्जनीची दोन पेरं आत जाईपर्यंत उकरायचा. कमी नाही, जास्त नाही. मग लोखंडी ब्रशनं घासायचं, भिंत पाणी नको म्हणेपर्यंत तिला पाजायचं आणि मग गिलाव्याचा पहिला हात फेकून मारायचा. सांधा रिकामा झाल्याशिवाय गिलावा दात रोवत नाही, असं म्हातारा म्हणायचा, आणि बोट घालून बघायचा. बोट अडलं तर पोराच्या पाठीत धपाटा. मानसिंगच्या पाठीला ते धपाटे अजून आठवत होते.

मानसिंगचा थोरला मुलगा यशोवर्धन कारखान्यातून पहिली शिफ्ट करून यायचा आणि तोंडाला गमछा बांधून बापाच्या हाताखाली उभा राहायचा. तो पॅकिंग मशीनवर होता. गवंडीकाम त्यानं शिकलं नव्हतं आणि बापानं शिकवलं नव्हतं. घमेली भरायची, रस्त्याकडेला नेऊन ओतायची. घामावर माती बसून दोघांच्या हातांची कातडी तडकली. मानसिंग खोकला की चिखलाच्या रंगाची थुंकी पडायची. जमनाबाई गुळाचं पाणी आणून ठेवायची आणि भिंतीकडं बघायची. उघडी भिंत तिला बघवत नव्हती. विटा काळसर, ओल्या, आणि त्यांच्यामधल्या फटी खोल खोल. सोललेल्या जनावरासमोर उभं राहिल्यासारखं तिला होई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मानसिंगनं खालच्या बाजूला जोरानं छिन्नी लावली आणि पलीकडून धडाधड भांडी पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ बाईची किंकाळी. मग काहीच नाही.

मानसिंगचा हात थांबला. "फळी पडली वाटतं," तो हळू म्हणाला.

"बगून येऊ का?" यशोवर्धन म्हणाला.

"बेडा, नको. पाय तुटला असता तर ओरडणं थांबलं नसतं."

पलीकडं रघुनंदन राहायचा, मानसिंगचा पाठचा भाऊ. त्याची बायको चंपा. मूलबाळ नाही. दोघंही भाऊ गवंडी, दोघांच्याही दारात वाळूचा ढीग, आणि दोघांचं बोलणं बंद. कारण ऐकलं तर हसाल. रक्षिताच्या लग्नात रघुनंदनला यायला उशीर झाला. ट्रॅफिक. बंगळुरात ट्रॅफिक हे कारणही असतं आणि निमित्तही. व्याही मंडळी ताटावर खोळंबली होती म्हणून मानसिंगनं वाढायला सांगितलं. सख्खा काका पोचला तेव्हा पहिली पंगत उठत होती. रघुनंदननं पुतणीच्या हातात आहेर ठेवला आणि तो उपाशी परत गेला. मला न घेता पंगत बसवली, हे त्याचं म्हणणं. वेळेवर यायला काय झालं होतं, हे मानसिंगचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ अजून धडधाकट होता.

संध्याकाळी जमनाबाई अंगण झाडत होती. तेव्हा मधल्या भिंतीतून आवाज आला. टक. टक. टक. तिला वाटलं मानसिंग पुन्हा कामाला लागला. पण मानसिंग तिच्या मागं, दगडावर बसून छिन्नीला धार लावत होता. त्यानंही मान वर केली. नवराबायको ऐकत राहिली. पलीकडच्या छिन्नीची चाल अगदी मानसिंगच्या छिन्नीसारखी होती. दोन हलके, एक जोराचा.

सकाळी नळावर चंपा पुढं होती. बोलणं बंद असलेल्या बायका नळावर एकमेकींकडं बघत नाहीत, पण ऐकू जाईल असं बोलतात. कुणी कुत्र्याशी बोलतं, कुणी देवाशी. चंपा आपल्या घागरीशी बोलली.

"भांड्यांची फळी पडली तर पडली. पण निम्मा गिलावा खाली आला. मग घरधनी गप्प बसतोय का? सगळाच काढून टाकतो म्हणाला. आमच्याबी भिंतीला आता नुसत्या विटा."

जमनाबाईनं आपली कळशी नळाखाली सरकवली. चंपाच्या मनगटाला फडकं बांधलेलं तिनं बघितलं. तिला विचारावंसं वाटलं. चंपाच्या लग्नात जमनाबाईनंच तिला हळद लावली होती. पण आपण आधी बोललो तर नवऱ्याची मान खाली जाईल, असं तिला वाटलं. चंपालाही तसंच वाटत असणार. कळशी भरून वाहायला लागली तरी दोघी तिथंच होत्या.

घरी येऊन तिनं मानसिंगला सांगितलं. "त्या बाजूनंबी उकरायलेत. भिंत एक आणि दोघं दोन बाजूंनी. काही होणार न्हाई ना?"

मानसिंग हसला. बऱ्याच दिवसांनी ती त्याला हसताना बघत होती. "रघु उकरणार? अगं, तो नखानं खरवडणार आणि चहाला जाणार. आमच्या आप्पाचे सगळ्यात जास्त धपाटे कुणी खाल्ले? आळशी माणूस त्यो. अर्ध्या पेराच्या वर त्याचा सांधा कधी गेला न्हाई."

"ह्या खेपेला गेला तर?"

"जात न्हाई. माझा भाऊ हाय, मला ठाव."

यशोवर्धन पाय धूत होता. तो म्हणाला, "अप्पा, विचारून घेऊ की. काका, किती खोल घेतलासा म्हणून. एवढंच. मी विचारतो."

"खबरदार. माझ्या पोरानं जाऊन त्याला काम विचारायचं?"

"मग टेकू तरी लावूया. आमच्या कारखान्याशेजारी बिल्डिंगीचं काम चाललंय, लोखंडी टेकू भाड्यानं देतात ते."

हे मानसिंगला लागलं. गल्लीतून टेकू आणायचे म्हणजे सगळ्या गावानं बघायचं. मानसिंग गवंड्याच्या घरात छताला काठ्या. आणि रघु ओट्यावर बसून हसणार. "गिलावा करतोय मी," तो म्हणाला, "भिंत पाडत न्हाई." यशोवर्धननं पाय पुसले. न शिकलेल्या कामात बापाशी किती वाद घालणार.

पण रघुनंदन या खेपेला चहाला गेला नाही. पलीकडची छिन्नी सकाळी अलीकडच्या आधी सुरू व्हायची आणि मागाहून थांबायची. मानसिंगनं वेग वाढवला की तीही वाढायची. यानं दम खाल्ला की ती उगाच दोन घाव जास्त घालायची. दोघंही एकमेकांना ऐकत होते आणि दोघंही ऐकत नसल्याचं दाखवत होते. मानसिंगच्या मनात एकदा येऊन गेलं की आळशी माणसाचा हा आवाज नव्हे. पण ते कबूल करायचं म्हणजे भाऊ चांगलं काम करतो हेही कबूल करावं लागलं असतं. तो ब्रश घेऊन सांधे घासू लागला.

जमनाबाईला त्या दिवसांत झोप लागेना. रोज संध्याकाळी ती खोली लख्ख झाडायची आणि रोज सकाळी भिंतीच्या पायथ्याशी मातीची बारीक रांगोळी पडलेली असायची. कुणी हात लावला नसताना. मग खोलीचं दार घासायला लागलं. आधी वरच्या कोपऱ्यात, मग बंदच होईना. मानसिंगनं ओलीनं लाकूड फुगलं म्हणून रंधा मारला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा अडकलं. तिनं त्याला दाखवलं. "स्वल्प थांब, गिलावा झाला की सगळं सरळ होतं," तो म्हणाला. गिलाव्यानं दार कसं सरळ होतं हे तिला कळलं नाही. तिला नुसती भीती वाटत राहिली, आणि लेक येणार म्हणून तिनं ती भीती गिळली. भिंत आत्ता झाली नाही तर फोटो कधी पाठवणार, लेक कधी येणार.

लेक फोटोची वाट न बघता आली. पाणी मारायचा दिवस होता. दुपार उतरली होती. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली आणि रक्षिता एक हात कमरेवर ठेवून चालत आली. पायांना सूज, तोंडावर हसू.

"सासूबाई म्हणाल्या फोटो आल्यावर जा. मी म्हणाले, मी स्वतःच बघून येते की." तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. जमनाबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. इतका आनंद झाला तिला, की घटकाभर भिंत मनातून गेलीच.

रक्षिता खोलीच्या दारात उभी राहिली. उघड्या विटा बघून तिचं हसू कमी झालं. "अप्पा, ही काय दशा केलीत? मी जरा आडवी पडणार होते."

"बाहेर बस आत्ता. उद्या पहिला हात मारला की मग बग कशी दिसते. बाळाला आरसा लागायचा न्हाई." मानसिंग खुशीत होता. हातात पाण्याची नळी होती. अंगणात सावलीला प्लास्टिकची खुर्ची टाकून यशोवर्धननं बहिणीला बसवलं आणि तो तिच्यासाठी शहाळं आणायला गेला.

मानसिंगनं नळी सोडली. वरून खाली, डावीकडून उजवीकडं. भिंतीनं पाणी प्यायला सुरुवात केली. वीट काळी पडायची, लगेच फिकी व्हायची, पुन्हा मागायची. ओल्या मातीचा वास खोलीत भरला. सांध्यांतून गढूळ ओघळ निघाले आणि पायथ्याशी चिखल साठू लागला. पलीकडूनही पाण्याचा आवाज येत होता. तो मानसिंगनं ऐकला आणि सोडून दिला. सगळी भिंत दोनदा भिजवून झाल्यावर तो नळ बंद करायला बाहेर गेला, नळी गुंडाळली, रक्षिताशी दोन शब्द बोलला.

जमनाबाई सुपलीनं चिखल भरत बसली होती. खालून चौथ्या-पाचव्या ओळीत एक ढेकूळ लोंबत होतं म्हणून तिनं सांध्यात बोट घातलं. बोट मऊ मातीतून सरळ आत गेलं. मग अख्खा पंजा आडवा करून घातला तरी कुठं अडेना. तिनं हात काढला. त्या भोकातून पाणी आलं. तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गार पाणी ओघळलं, आणि येतच राहिलं.

तिनं अंगणात बघितलं. मानसिंगच्या हातात गुंडाळलेली नळी होती. नळ बंद होता.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "हे पाणी आपलं न्हवे."

मानसिंग आला, वाकला, बघितलं. त्यानं दुसऱ्या सांध्यात बोट घातलं. तिसऱ्या. मग त्यानं ओळंबा काढला आणि वरच्या फरशीखाली धरला. दोरी खाली सरळ लोंबली आणि भिंत कमरेच्या उंचीला तिच्यापासून चार बोटं लांब गेलेली होती, पलीकडं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींना ओळंबा लावलेला माणूस, त्याला समजायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"रक्षिताला घेऊन गल्लीत जा," तो म्हणाला. "पळू नको. पाय आपटू नको."

जमनाबाई उठली, पण दारापर्यंत जाऊन थांबली. मानसिंगनं भोकाशी तोंड नेलं होतं.

"रघु."

पलीकडचा आवाज थांबला.

"रघु, किती खोल घेतलास?"

मग रघुनंदनचा आवाज आला. त्यात इतक्या दिवसांचा सगळा राग होता, आणि थोडी फुशारकीही होती. "दोन पेरं. सगळीकडं. आप्पा असता तर त्याचं बोट कुठं अडलं नसतं. तुला काय वाटलं, तुलाच येतंय?"

मानसिंगनं डोळे मिटले. "मीबी दोन पेरं घेतलंय. मधे होतं ते पाण्यानं विरघळलं. नुसता चिखल हाय. भिंत तुझ्याकडं चाललीय. चंपाला घे आणि भायेर पड."

"म्हणजे माझं काम थांबवायचं. तुझं झालं, आता माझं थांबवायचं."

"रघु, अरे ओळंबा लावून बग."

"चार वर्षं तोंड उघडलं न्हाईस. उघडलंस ते हुकूम सोडायला. सरी, ठीक हाय. माझ्या बाजूचं मी बगतो." आणि पलीकडून थप्पकन आवाज आला. रघुनंदननं पहिला हात फेकून मारायला घेतला होता. भिंत हलली. मानसिंगच्या पुढ्यातल्या सांध्यातून चिखलाचा गोळा बाहेर येऊन पडला.

मानसिंग उठला आणि बाहेर धावला. रक्षिताला दंडाला धरून जमनाबाईनं गल्लीत आणलं होतं. त्यांच्यापाशी तो थांबला नाही. भावाच्या दाराकडं जाताना तो आपल्या वयाच्या माणसासारखा नाही, पोरासारखा धावत होता.

"चंपा," जमनाबाई ओरडली. मान कुणाची खाली जाते याचं आता तिला काही नव्हतं. "चंपा, भायेर ये. असशील तशी ये."

चंपा पिठाच्या हातांनी उंबऱ्यावर आली. "काय झालं, अक्का?" इतकंच ती म्हणाली, जणू कालच बोलणं झालं होतं. जमनाबाईनं तिचा हात धरून तिला खाली ओढलं. तिच्या अंगावरून मानसिंग आत गेला. आतून त्याचा आवाज ऐकू आला, "रघु, सोड ते, चल," आणि पुन्हा एकदा, जास्त आतून, "रघु."

आवाज मोठा झाला नाही. जमनाबाईला वाटलं होतं आभाळ कोसळल्यासारखा होईल. आधी वाळू सरकावी तशी सरसर झाली. मग दगडावर दगड घासल्याचा एक लांब आवाज. मग फरश्या पडल्या, एकीमागून एक, आणि पायाखालची जमीन प्रत्येकीला हादरली. दोन्ही घरांच्या दारांतून धुरळा बाहेर आला आणि गल्लीत काही दिसेनासं झालं. रक्षितानं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. जमनाबाई तिला कवटाळून उभी होती, आणि चंपा त्या दोघींना. शहाळं घेऊन आलेला यशोवर्धन गल्लीच्या तोंडाशी नुसता बघत राहिला. मग त्यानं ते टाकलं आणि धावत आला.

धुरळा बसायला लागला तेव्हा परसाच्या बोळातून एक माणूस चालत आला. डोक्यापासून पायापर्यंत सिमेंट. हातात थापी. तो रघुनंदन होता.

"वरची फरशी सरकलेली दिसली मला," तो चंपाला सांगू लागला. "दुसरा हात मारला आणि वर बगितलं. मागच्या दारानं उडी टाकली. वाचलो, चंपा. अण्णा खरं बोलत होता." तो भांबावल्यासारखा हसला. मग त्यानं एकेकाकडं बघितलं. जमनाबाईकडं, रक्षिताकडं, दारातला ढीग उपसायला लागलेल्या यशोवर्धनकडं.

"अण्णा कुठंय?" त्यानं विचारलं.

चंपानं तोंडाला पदर लावला. गल्लीत माणसं जमली होती.

"तुमच्या घरात गेले, भावजी," जमनाबाई म्हणाली. "तुम्हाला आणायला."

रघुनंदननं थापी टाकली. तो दाराशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि विटांच्या ढिगात तोंड घालून अण्णा, अण्णा अशा हाका मारू लागला. आतून ओ आली नाही.